अंगणवाडीत गाणे नुसते ऐकवावे की त्यातून शिकवावे? अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: अंगणवाडी_पूर्वभाग (सेविका, सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात अंगणवाडी सेविका म्हणून काम करते. पटावर ३ ते ६ वयोगटातील २६ मुले असून रोज साधारण वीस येतात. निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड आणि काही घरांत दखनी उर्दू. मराठी ही ज्यांची घरची भाषा आहे अशी मुले सहा-सातच आहेत. बहुतेक आया घरी विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात पाळीने जातात, त्यामुळे मुले माझ्याकडे येईपर्यंत त्यांच्याशी निवांत बोललेले कोणी नसते, हे मी तक्रार म्हणून नव्हे, परिस्थिती कळावी म्हणून लिहीत आहे.

मागील वर्षी मी स्वखर्चाने एक लहान स्पीकर घेतला आणि मोबाइलवरची बालगीते लावू लागले. मुले शांत बसू लागली आणि पाहणाऱ्यांनी कौतुकही केले. मात्र महिना-दीड महिन्यानंतर माझ्या लक्षात आले की मुलांना गाणे येते, पण गाण्यातले शब्द येत नाहीत. संपूर्ण गाणे सुरात म्हणणाऱ्या एका मुलाला मी त्याच गाण्यातल्या हत्तीचे चित्र दाखवले, तेव्हा तो गप्प राहिला. स्पीकर बंद केला की सर्वांचे गाणेही बंद होते. शिवाय पडदा समोर असला की मुले हातपाय हलवत नाहीत, एकटक पाहत राहतात.

दुसरी अडचण अशी की, भेटीसाठी आलेल्या एका वरिष्ठांनी मला स्पष्ट सांगितले, "गाण्यांत वेळ घालवू नका, अक्षरे गिरवून घ्या, पालक वही पाहतात." पालक खरोखरच वही पाहतात. तरीही चार वर्षांच्या मुलाच्या हातात तासभर पेन्सिल देणे माझ्या मनाला पटत नाही.

माझा आवाज गोड नाही, संगीताचे शिक्षण नाही, खोली १० बाय १२ फुटांची आहे आणि पुढे थोडे अंगण आहे. एवढ्यात गाण्यातून भाषा, मोजणी आणि हालचाल या तिन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने कशा साधता येतील, घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना कोणते गाणे द्यावे, आणि जी मुले हातवारे करतच नाहीत त्यांचे काय करावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: फळा_खडू (निवृत्त प्राथमिक शिक्षक, मोहोळ तालुका)

ताई, आपण हत्तीचे चित्र दाखवून पाहिलेत, हीच या प्रश्नाची खरी परीक्षा होती आणि ती आपण स्वतः घेतलीत, याचे मला फार समाधान वाटले. गाणे पाठ होणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो शब्द मुलाने हाताने, पायाने, डोळ्याने अनुभवला नाही, तो त्याच्या दृष्टीने सुराचा एक तुकडा असतो. म्हणून नवे गाणे शिकवण्यापूर्वी त्यातले चार नेमके शब्द निवडावेत, त्या वस्तू शक्य असल्यास हातात द्याव्यात, आणि मगच गाणे सुरू करावे. आठवड्याला एकच गाणे पुरे. मी पहिलीला शिकवत असताना एक गाणे तीन-तीन आठवडे चालत असे आणि मुले कधी कंटाळली नाहीत. कंटाळत असू ते आपणच.

वरिष्ठांच्या सूचनेबद्दल एवढेच सांगतो की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर मानला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गप्पा, गोष्टी, खेळणी यांच्या बरोबरीने गाणी आणि संगीतासह हालचाल यांना शिकवण्याच्या पद्धती म्हणूनच स्थान दिले आहे. आपण नियमाबाहेरचे काही करत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगता येईल.

आता अक्षरांविषयी, कारण माझ्या मते गाण्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवण्याचा खेळ आपण घेत असाल. "चादर" म्हणताना मूल दोन टाळ्या वाजवते, चा-दर. पण लिहिताना अक्षरे तीन आहेत. "भाकरी" बोलताना भाक-री अशा दोन टाळ्या, लिहिताना तीन अक्षरे. आपल्या "सोलापूर"चेही तसेच, सो-ला-पूर असे तीन ठोके आणि चार अक्षरे. मराठीत बोलताना शब्दातला किंवा शब्दाच्या शेवटचा "अ" आपण गिळतो, लिहिताना मात्र तो अक्षरात असतोच. पहिलीतली अनेक मुले "भाकरी"ऐवजी "भाक्री" लिहितात, कारण मधला "अ" त्यांनी कधी ऐकलेलाच नसतो. आपण त्यांना निष्काळजी ठरवतो, पण ती कानाशी प्रामाणिक असतात.

गाण्यात मात्र हा गिळलेला "अ" परत येतो. आपले जुने छंद अक्षरांच्या मोजणीवर उभे आहेत. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात, तर लहान अभंगाच्या चरणांत बहुधा आठ-आठ. चालीवर म्हणताना प्रत्येक अक्षराला त्याची जागा मिळते, "चा-द-र" असे तिन्ही वेगळे ऐकू येतात. म्हणून आठ अक्षरांची सोपी ओळ घ्यावी, एका अक्षराला एक पाऊल टाकत ती म्हणावी आणि आठव्या पावलाला सर्वांनी थांबावे. ओळ संपते तिथेच पाऊल संपले की मुलाला मोजणीचाही पाया मिळतो. मात्र बोलण्याच्या टाळ्यांचा खेळ आणि गाण्याच्या पावलांचा खेळ एकाच दिवशी एकत्र करू नये, मुले गोंधळतात. मी स्वतः ती चूक अनेक वर्षे केली आहे.

घरच्या भाषेबद्दल बोलायचे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडीच्या नावात ते अंगण आहे. गाण्याच्या बाबतीतही मला तेच योग्य वाटते: मुलाच्या भाषेतले गाणे आधी, मराठी गाणे त्याच्या पाठोपाठ.

उत्तर २: कहरवा (गायन व तबला शिक्षिका, सोलापूर)

सेविकाताई, आवाज गोड नसण्याची काळजी आपण मनातून काढून टाकावी. लहान मुले गोडव्याच्या मागे जात नाहीत, ती स्थिर लयीच्या आणि ओळखीच्या आवाजाच्या मागे जातात. मात्र एक तांत्रिक गोष्ट सांभाळावी लागेल, ती म्हणजे पट्टी, म्हणजेच "सा" किती उंच धरायचा ते.

आपण मोठ्या बायका बहुधा पेटीच्या खालच्या काळी चार किंवा काळी पाचला षड्ज (सा) धरून गातो. त्या पट्टीत सा ते प एवढीच चाल असली तरी ती लहान मुलांच्या गळ्यासाठी फार खाली जाते. मग मुले एकतर पुटपुटतात किंवा ओरडतात, आणि आपण म्हणतो की यांना सूर नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मध्य सप्तकातल्या पांढरी दोनच्या आसपास षड्ज धरून सा ते ध एवढ्या पाच-सहा स्वरांत फिरणारी चाल सहज झेपते. पेटी नसेल तर साधा उपाय असा की, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलाला आपण ज्या उंच आवाजात हाक मारतो, त्या आवाजाच्या जवळ गाणे सुरू करावे.

लयीबाबत तर मला अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. लहान मुलांची स्वाभाविक चाल मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यांची पावले लहान असतात आणि भराभर पडतात. आपल्या संथ ठेक्यावर त्यांना चालवले की त्यांचा तोल जातो आणि ठेका चुकतो. म्हणून आधी एका मुलाला नुसते चालायला सांगावे, त्याच्या पावलांवर डबा किंवा पत्र्याचे झाकण वाजवावे, आणि तीच लय गाण्याला द्यावी. मुलाने आपल्या तालात यावे यासाठी आधी आपण त्याच्या तालात गेले पाहिजे. मोबाइलवरचे गाणे हे करू शकत नाही. ते एका ठरलेल्या वेगाने पुढे जाते आणि मागे राहिलेल्या मुलासाठी थांबत नाही. आपण थांबू शकता. ओळीतला शेवटचा शब्द गाळून मुलांकडे पाहत राहावे. पहिल्या दिवशी शांतता पसरेल, तिसऱ्या दिवशी कोणीतरी तो शब्द म्हणेल. स्पीकर बंद केल्यावर गाणे बंद होते, याचे उत्तर मला या गाळलेल्या शब्दात दिसते.

तालांपैकी दोनच पुरेत. आठ मात्रांचा केहरवा चालायला, उड्या मारायला, आणि सहा मात्रांचा दादरा झुलायला. "धा धी ना, धा ती ना" असे नुसते तोंडाने म्हटले तरी मुले आपोआप डावी-उजवीकडे डोलू लागतात, कारण तीन-तीनच्या दोन भागांत झोका लपलेला आहे. स्वित्झर्लंडमधील संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ (१८६५ ते १९५०) यांना जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवताना असे आढळले होते की विद्यार्थी स्वरलिपी वाचतात, पण लय त्यांच्या अंगात नसते. त्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना चालायला लावले, आणि त्यातून हालचालीद्वारे संगीत शिकवण्याची त्यांची पद्धत उभी राहिली. आपल्याकडे पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. आषाढीला बहुतेक शाळा मुलांना वेश देऊन दिंडी काढतात आणि दुसऱ्या दिवशी टाळ कपाटात ठेवतात. तीच पावली रोज दहा मिनिटे घेतली तर पुढे जाणे, मागे येणे, वळणे आणि शेजाऱ्याच्या पावलाशी जुळवून घेणे, हे सर्व तिच्यात आहे.

हलगी मात्र खोलीत वाजवू नये. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर मुले तो ठेका तोंडाने वाजवत येतात, तो तोंडीच ठेवावा किंवा मांडीवर वाजवून घ्यावा. पत्र्याखालच्या लहान खोलीत खरी हलगी कानांना सोसत नाही.

उत्तर ३: पाऊल (लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट)

जी मुले हातवारे करत नाहीत त्यांच्याविषयी आपण विचारले आहे, त्याबद्दल मी लिहिते, कारण बाकीचे वर उत्तम आले आहे.

हालचाल न करणारे मूल लाजाळू असू शकते, त्याला शब्द कळत नसतील, त्याचा तोल कच्चा असू शकतो किंवा त्याला नीट ऐकू येत नसेल. गाण्याच्या वेळी हे चारही प्रकार वेगवेगळे दिसतात, म्हणूनच गाण्याचा तास मला तपासणीइतका मोलाचा वाटतो. जे मूल प्रत्येक कृती इतरांपेक्षा क्षणभर उशिरा करते आणि सतत शेजाऱ्याच्या हाताकडे पाहते, ते ऐकून नव्हे तर पाहून करत असण्याची शक्यता असते. आपण त्याच्या पाठीमागे उभे राहून, चेहरा दिसू न देता, गाण्यातली सूचना द्यावी. दोन-तीन दिवस प्रतिसाद आला नाही तर त्याची श्रवण तपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. आपले निरीक्षण तारखेसह लिहून ठेवले असेल तर त्या पथकाच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. याउलट, कान झाकून घेणाऱ्या मुलाला आवाज त्रासदायक वाटत असतो. त्याला दाराजवळ बसू द्यावे, स्पीकर बंद ठेवावा आणि गाणे सुरू होणार हे आधी सांगावे.

वयाप्रमाणे अपेक्षा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. तीन वर्षांचे मूल साधारणपणे दोन्ही पायांनी जागेवर उडी मारते, चार वर्षांचे एका पायावर काही क्षण उभे राहते आणि लंगडीच्या एक-दोन उड्या घेते, तर पाय आलटून-पालटून उड्या मारत पुढे जाणे पाच-सहा वर्षांपर्यंत जमू लागते. आपल्याकडे तिन्ही वयाची मुले एकत्र असल्यामुळे गाणे एकच ठेवून कृती तीन द्याव्यात. खोली लहान आहे, तेव्हा अर्ध्या मुलांनी बसून ठेका धरावा आणि अर्ध्यांनी अंगणात खडूने काढलेल्या रिंगणावर चालावे, मग अदलाबदल करावी. ठेका थांबताच जागच्या जागी थांबण्याचा खेळ रोज घ्यावा. धावणाऱ्या मुलाला स्वतःला आवरणे धावण्यापेक्षा अवघड जाते, आणि हाच सराव त्याला पुढे वर्गात आपली पाळी येईपर्यंत वाट पाहण्यास उपयोगी पडतो.

पेन्सिलीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. लिहिताना खांदा स्थिर राहावा लागतो, बोटे स्वतंत्र हलावी लागतात आणि हात कागदाच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे शरीराची मध्यरेषा ओलांडून जावा लागतो. ज्या मुलाला मध्यरेषा ओलांडता येत नाही, ते कागदाच्या मध्यावर पेन्सिल या हातातून त्या हातात घेते. म्हणून उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा हात उजव्या गुडघ्याला लावण्याच्या कृती गाण्यात हव्यात, आणि त्या सावकाश हव्यात. चालण्यासाठी मुलांची लय जलद असते हे वर कहरवा ताईंनी लिहिले ते बरोबरच आहे, पण हात आडवा नेण्यासाठी मुलाला वेळ लागतो. तिथे गाणे संथ करावे.

आपल्या गावच्या मागाकडे पाहा. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, या कडेकडून त्या कडेकडे जातो, तीच ही हालचाल आहे. मुलांनी घरी-शेजारी ती पाहिलेली असते, तिचा आवाज त्यांच्या कानात असतो, त्यामुळे नवे हावभाव शिकवण्यापेक्षा ती लवकर जमेल. तसेच जुनी चादर चारी बाजूंनी मुलांना धरायला देऊन गाण्याच्या ओळीवर वर-खाली करवावी आणि मध्ये कापडी चेंडू ठेवावा. चादरीच्या वजनाने खांदे आणि मनगटे काम करतात. अगदी लहान मुलांसाठी मात्र पातळ पंचा घ्यावा.

दोन सावधगिरीच्या सूचना देते. बाटलीत ज्वारी घालून खुळखुळे केले तर झाकण चिकटवून टाकावे, कारण तीन वर्षांचे मूल दाणे तोंडात किंवा नाकात घालते. आणि डाउन सिंड्रोम असलेले मूल गटात असेल तर कोलांटी आणि मानेला हिसका बसेल अशा उड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशा काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात.

उत्तर ४: साखर_पेठ (पालक)

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी दोन वर्षे अंगणवाडीत जात होती आणि आमच्या घरी तेलुगू बोलतात. तिथल्या ताई तेलुगू शब्दाला हसत नसत, एवढ्या एका गोष्टीमुळे ती बोलू लागली, म्हणून लिहिते. नवरात्राच्या दिवसांत आमच्या बायका बतुकम्माभोवती, म्हणजे रचलेल्या फुलांच्या मनोऱ्याभोवती, फेर धरतात, वाकतात, टाळी देतात, एक पाऊल पुढे सरकतात. ते मुलींना न शिकवता येते. अक्का, आपण एखाद्या आजीला दुपारी बोलावून पाहा; आजी विड्या बाजूला ठेवून आनंदाने येतील. मोजणीही आपल्या भाषेत घेऊ द्या: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. मागाहून मराठीत.

अंगणवाडी_पूर्वभाग (प्रश्नकर्ती), तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर लगेच न देता आधी करून पाहावे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

स्पीकर कपाटात ठेवला. पहिले दोन दिवस मुलांनी तो मागितला, एक मूल रडलेही. फळा_खडू सरांच्या आठ अक्षरांच्या सूचनेवरून आणि धोट्याच्या कल्पनेवरून मी या चार ओळी जुळवल्या:

धोटा गेला पलीकडे,
धोटा आला अलीकडे,
चादरीला फुले चार,
मोजून घे एक वार.

पहिल्या दोन ओळींना हात आडवा जातो आणि परत येतो, तिसरीला चार बोटे उघडतात, चौथीला चार टाळ्या. आरंभी मी फार वेगाने म्हणत होते, त्यामुळे निम्मी मुले उजवा हात उजवीकडेच हलवत राहिली. वेग निम्मा केल्यावर दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचा हात पलीकडे जाऊ लागला. दोघांचा अजून जात नाही. त्यांच्या पुढे मी चिंधीचा धोटा धरते आणि तो घेण्यासाठी ती हात आडवा आणतात. "पलीकडे" हा शब्द आता मुले खेळतानाही वापरतात. काल एकाने चेंडू भिंतीच्या पलीकडे गेला असे पूर्ण वाक्य मला मराठीत सांगितले.

पावलांच्या खेळात "चादरीला"चे "द" पाऊल सर्वांनी टाकले, हे पाहून सरांची आठवण झाली.

एक मुलगी उशिरा कृती करते, असे पाऊल यांच्या सूचनेनंतर लक्षात आले. पाठीमागून नाव घेतल्यावर तिने तीनही दिवस वळून पाहिले नाही. तारखा लिहिल्या आहेत आणि पथकाची वाट न पाहता तिच्या आईला कानाची तपासणी करून घेण्यास सांगितले आहे. बुधवारी मी सोबत जाणार आहे.

वरिष्ठांची पुढील भेट अजून झालेली नाही. पालकांसाठी मात्र मी वहीऐवजी एक दुपार ठेवली. सात आया आणि दोन आज्या आल्या. आज्यांनी फेर धरला, मुलेही त्यात शिरली. नंतर चादरीची फुले मोजताना आम्ही तेलुगू, कन्नड आणि मराठी अशी ओळीने मोजणी घेतली. तेव्हा एका कन्नड घरातल्या मुलाने मोठ्याने सांगितले की "ऐदु" दोन्हीकडे ऐदुच आहे. मग सर्वांनी पुढे मोजून पाहिले, आणि "आरु"ही दोन्हीकडे तोच निघाला. सातला मात्र एक गट "एडु" म्हणाला, दुसरा "एळु" म्हणाला, आणि त्यावर मुलांची बराच वेळ चर्चा चालली.